गाणी आपली, शिक्का परक्याचा

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही तिघं मिळून वाद्यसंगीताचा एक संच स्वतःच काढतोय. ११ रचनांची एक ऑडिओ सीडी आणि त्या कशा ध्वनिमुद्रित झाल्या यावरची ४० मिनिटांची एक डीव्हीडी. रचना आमच्याच, वाजवलंय आम्हीच, चित्रीकरणही आमचंच. पहिले १५० संच घरच्या बर्नरवर करायचे आणि खपले तर पुढचे १००० कारखान्यातून काढून घ्यायचे, असा बेत आहे. कव्हरच्या मागच्या बाजूला 'कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ', 'डीव्हीडी व्हिडिओ' आणि डॉल्बीचा पाठीला पाठ लावलेला दुहेरी 'डी' अशी तीन चिन्हं टाकली आहेत. कव्हरं छापूनही झाली. आता आमच्यातला एक म्हणतो, ही चिन्हं परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. दुसरा म्हणतो, चिन्हं नसली तर लोकांना माल चोरीचा वाटेल. सगळं आमचंच असताना परवानगी घ्यायची तरी कोणाची?

— तिघांतला तिसरा

उत्तर

तिसऱ्यास नमस्कार,

तुमच्यातला पहिला बरोबर आहे. दुसऱ्याची काळजीही खोटी नाही, त्यावरचा उपाय तेवढा चुकला. पण घोळ खरा आहे तो तुमच्या शेवटच्या वाक्यात. 'सगळं आमचंच असताना' असं तुम्ही लिहिलंय. रचना तुमच्या, वाजवणं तुमचं, कॅमेरा तुमचा, सगळं मान्य. ती तीन चिन्हं मात्र तुमच्या संगीताबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. ती बोलतात चकतीबद्दल. ही चकती अमुक नियमपुस्तकाबरहुकूम बनली आहे, त्या पद्धतीच्या यंत्रात ती चालेल, अशी ग्वाही त्यात असते. ती ग्वाही कोणी द्यायची हे ज्यांनी नियमपुस्तक लिहिलं त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलंय.

सीडीचं नियमपुस्तक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये पक्कं केलं. वेष्टनाच्या रंगावरून त्याला रेड बुक म्हणतात. १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी, सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, दोन चॅनेल, जास्तीत जास्त ९९ ट्रॅक. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि तिच्याबरोबर ते सगळ्यांच्या ओळखीचं गोलसर अक्षरांचं चिन्हही आलं. चिन्हाचा परवाना फिलिप्सकडून मिळतो आणि तो घेतात ते डिस्क, प्लेअर वगैरे बनवणारे. गायक, वादक किंवा अल्बम काढणारी मंडळी त्या रांगेत सहसा उभीच राहत नाहीत.

'सगळं आमचंच' हा युक्तिवाद तुमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या लोकांनाही कामी आलेला नाही. २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम बिघाड पेरलेल्या डिस्क विकायला सुरुवात केली. संगणकाच्या ड्राइव्हला त्या वाचता येऊ नयेत, एवढाच हेतू. काही साध्या प्लेअरवरही त्या अडखळायच्या. २००२ मध्ये फिलिप्सने जाहीरपणे सांगितलं की या डिस्क रेड बुकमध्ये बसत नाहीत, त्यांच्यावर कॉम्पॅक्ट डिस्कचं चिन्ह लावता येणार नाही. गाणी त्या कंपन्यांची, कलाकार त्यांच्या करारातले, तरीही अशा डिस्कवरून चिन्ह उतरलं. तुम्ही जुन्या संग्रहात त्या काळची एखादी डिस्क उलटून पाहा. चिन्हाची जागा रिकामी आणि तिथे बारीक अक्षरांत कॉपीबंदीची सूचना दिसेल.

मी स्वतः यात एकदा तोंडघशी पडलोय. कव्हर डिझाइनची कामं करायचो तेव्हा एका भाषणमालेचं कव्हर केलं होतं. जुन्या कामाची फाइल उघडली, मजकूर बदलला, चिन्हं होती तशीच राहू दिली. डिस्कवर होत्या एमपीथ्री फाइली आणि मागे दिमाखात 'डिजिटल ऑडिओ'. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी डिस्क परत आणली. त्यांच्या प्लेअरने ती आत घेतली, क्षणभर फिरवली आणि पडद्यावर 'नो डिस्क' असं दाखवलं. त्यांनी चिन्ह बघूनच डिस्क घेतली होती. त्यांना काय सांगणार? चिन्ह खोटं बोललं आणि ते मी बोलायला लावलं होतं.

आता तुमच्या १५० संचांकडे येऊ.

घरी बर्न केलेली सीडी आणि कारखान्यात दाबलेली सीडी दिसायला बहिणी, पण वंश वेगळा. कारखान्यात आधी ग्लास मास्टर होतो, त्यावरून निकेलचा स्टॅम्पर बनतो आणि वितळलेल्या पॉलिकार्बोनेटवर खळग्यांचा ठसा उमटतो. वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर आणि लाखेचं संरक्षण. बर्नरमध्ये यातलं काहीच होत नाही. ब्लँक डिस्कवर रंगद्रव्याचा थर असतो, लेझर तो ठिकठिकाणी भाजतो आणि प्लेअरला ते खळग्यांसारखं दिसतं. या सीडी-आरचं नियमपुस्तकच निराळं आहे, ऑरेंज बुक. तिचं चिन्हही निराळं, त्यात 'रेकॉर्डेबल' हा शब्द असतो आणि ते ब्लँक डिस्क बनवणाऱ्यासाठी आहे. तेव्हा तुमच्या बर्न केलेल्या सीडीवर 'डिजिटल ऑडिओ'चं साधं चिन्ह दोन्हीकडून चुकतं. परवाना नाही तो नाहीच, आणि चकतीही त्या पुस्तकातली नाही. ब्लँक डिस्कवर उत्पादकाने आधीच काही चिन्ह छापलं असेल तर ते त्याचं, त्याच्या परवान्यावर. ते खरवडत बसू नका. ते पाहून आपल्या कव्हरवर उतरवूही नका.

(जाता जाता एक. हे संच सीडी-आरवरच करा, सीडी-आरडब्ल्यूवर, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवर, नको. दाबलेली सीडी लेझरचा निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. जुने प्लेअर तिच्यापुढे हात टेकतात.)

डीव्हीडीची कथा साधारण तशीच, धनी वेगळा. ही पद्धत एका कंपनीची नव्हे, अनेकांच्या संघाची. १९९५ मध्ये तो डीव्हीडी कन्सॉर्शियम होता, १९९७ मध्ये डीव्हीडी फोरम झाला. चिन्ह आणि परवान्यांचं काम २००० पासून 'डीव्हीडी फॉरमॅट/लोगो लायसन्सिंग कॉर्पोरेशन' या वेगळ्या कंपनीकडे गेलं. विकत घेतलेल्या पुष्कळ डीव्हीडींच्या मागे अगदी तळाशी, भिंगाने वाचावी अशी एक ओळ असते, डीव्हीडीचं चिन्ह हा या कॉर्पोरेशनचा ट्रेडमार्क आहे म्हणून. वर चिन्ह, खाली मालकाचं नाव.

तुम्ही ब्लँक डीव्हीडी कुठल्या घेतल्या ते कळवलेलं नाही. पाकिटावर 'डीव्हीडी'नंतर उणे आहे की अधिक, ते बघा. अधिकवाली, म्हणजे डीव्हीडी+आर, मुळात फोरमच्या बाहेर जन्मली. डीव्हीडी+आरडब्ल्यू अलायन्स नावाच्या दुसऱ्या गटाने ती आणली आणि 'आरडब्ल्यू' अशी वेगळीच नक्षी तिच्यावर आली. अशा डिस्कच्या कव्हरवर फोरमचं चिन्ह छापणं म्हणजे एका घराण्याच्या गायकाला दुसऱ्या घराण्याचा गंडा बांधण्यातला प्रकार. उणे असली तरी परवान्याचा प्रश्न सुटत नाहीच, फक्त विनोद थोडा कमी होतो.

तिसरं चिन्ह डॉल्बीचं आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. तुमच्या डीव्हीडी बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉल्बी डिजिटलचा एन्कोडर, म्हणजे आवाज त्या पद्धतीत भरणारा भाग, आहे, तुम्ही तो कायदेशीर विकत घेतलाय, मग चिन्ह का नाही? कारण सॉफ्टवेअरबरोबर तुम्हाला आवाज त्या पद्धतीत भरण्याची मुभा मिळाली. चिन्ह छापण्याची मुभा हा निराळा करार आहे आणि तो डॉल्बी लॅबोरेटरीजशी करावा लागतो. डीटीएस या दुसऱ्या ध्वनिपद्धतीच्या चिन्हाचंही तेच. शिवाय मला शंका आहे की तुमचा आवाज मुळात डॉल्बीत आहेच का. बरेचदा सॉफ्टवेअर मुकाट्याने एलपीसीएम, म्हणजे कुठलंही आकुंचन न केलेला आवाज भरतं, आणि टेम्प्लेटमध्ये होतं म्हणून डॉल्बीचं चिन्ह मागे येऊन बसतं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघा.

यावर लोक मला दोन बचाव हटकून ऐकवतात.

पहिला: 'ही पद्धत आता जुनी झाली, पेटंटं संपली.' संपली हे खरं. डॉल्बी डिजिटलच्या मूळ एसी-३ पद्धतीवरच्या पेटंटांची मुदतसुद्धा २०१७ मध्ये सरली. पण पेटंट आणि ट्रेडमार्क यांची गल्लत करू नका. पेटंटला वीसेक वर्षांचं आयुष्य असतं. ट्रेडमार्क वापरात ठेवला आणि वेळोवेळी नूतनीकरण केलं तर तो कितीही वर्षं जगतो. एसी-३मध्ये आवाज कसा भरायचा ही युक्ती आता सगळ्यांची आहे, पाठीला पाठ लावलेले दोन 'डी' आजही डॉल्बीचेच.

दुसरा: 'चिन्ह मला फुकट वापराच्या चित्रांत मिळालं.' विकिमीडिया कॉमन्सवर अशी कितीतरी चिन्हं आहेत आणि तिथे खरंच लिहिलेलं असतं की आकृती फार साधी असल्याने तिच्यावर कॉपीराइट लागत नाही. पुढची ओळ कोणी वाचत नाही. तीत लिहिलेलं असतं की चिन्ह ट्रेडमार्क असू शकतं आणि त्याचे निर्बंध वेगळे आहेत. कॉपीराइट चित्राची नक्कल थांबवतो, ट्रेडमार्क ग्राहकाची दिशाभूल थांबवतो. एक कुलूप उघडं मिळालं म्हणून दुसरं उघडत नाही.

आणि तळाशी 'सर्व ट्रेडमार्क आपापल्या मालकांचे आहेत' अशी ओळ टाकली की भागलं, असं समजणारेही भेटतात. ती ओळ परवाना असेल तर शोभते. नसेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की चिन्ह आपलं नाही हे आपल्याला माहीत होतं.

मग मागच्या बाजूला छापायचं काय? साधे शब्द. 'सीडी' आणि 'डीव्हीडी' हे शब्द वापरून आपली वस्तू काय आहे हे खरंखरं सांगायला बहुतेक देशांचे ट्रेडमार्क कायदे आडकाठी करत नाहीत. आडकाठी असते ती त्या ठरावीक नक्षीला, आणि जणू मालकाची संमती आहे असा आव आणण्याला. शब्दही तुमच्या कव्हरच्या नेहमीच्या टायपात घ्या, चिन्हासारख्या गोलसर अक्षरांत नको. 'चिन्ह नाही, चिन्हासारखं काहीतरी' ही पळवाट सगळ्यात वाईट, कारण तीत हेतू उघडा पडतो. मी तुमच्या जागी असतो तर असं छापलं असतं:

*डिस्क १: ऑडिओ सीडी (सीडी-आरवर ध्वनिमुद्रित), स्टीरिओ, ११ रचना.*
*डिस्क २: डीव्हीडी (डीव्हीडी-आरवर), ४० मिनिटे, रंगीत, स्टीरिओ आवाज, सर्व रीजनसाठी.*

ब्लँक डिस्क अधिकवाली निघाली तर दुसऱ्या ओळीत तसं लिहा. आवाज सहा चॅनेलचा असेल तर '५.१ सराउंड' लिहा, तो शब्द कोणा एकाचा नाही. रीजन म्हणजे डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा क्रमांक. 'सर्व रीजन' लिहिण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये रीजन खरंच मोकळं ठेवलंय ना, तेही बघा. आणि 'सीडी-आर' लिहायला लाजू नका. ज्याचा प्लेअर खोडकर आहे तो घेण्याआधी विचारेल, घेतल्यावर भांडणार नाही.

आता तुमचा दुसरा मित्र. माल चोरीचा वाटेल, ही त्याची धास्ती. त्याला सांगा, चोरीचा माल विकणारे सगळ्यात आधी काय छापतात, तर चिन्हं! ती त्यांच्याकडे भरपूर असतात. चोराच्या मालावर जे सापडत नाही ते छापा: कोणी वाजवलं, कुठलं वाद्य कोणाचं, ध्वनिमुद्रण आणि मिश्रण कोणी केलं, प्रकाशक कोण, संपर्क कुठे. कण्यावर नाव आणि आपला एक संच क्रमांक. वर्तुळातला सी, साल आणि नाव. वर्तुळातला पी, साल आणि नाव. पहिला रचना, मजकूर आणि मुखपृष्ठाच्या हक्कासाठी, दुसरा ध्वनिमुद्रणाच्या हक्कासाठी. ही दोन्ही चिन्हं कोणाच्या मालकीची नाहीत, परवाना लागत नाही आणि ती छापायचा हक्क तुमचाच आहे. फक्त तुमच्या गटाच्या नावापुढे हौसेने वर्तुळातला आर लावू नका. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं नसताना तो लावणं अनेक देशांत गुन्हा आहे. नोंदणी नसेल तर 'टीएम' चालतं, पण खरं सांगायचं तर तुम्हाला त्याचीही गरज नाही.

छापून झालेल्या कव्हरांचं दुखणं उरतं. १५० संचांसाठी कोणी तुमच्या दारात उभं राहील असं मला वाटत नाही. चिन्हाचे मालक बहुधा आधी पत्र पाठवून थांबायला सांगतात. पण 'कोण बघतंय' या हिशोबावर मी कोणाला सल्ला देत नाही, आणि तुम्हाला तर अजिबात नाही, कारण हीच कव्हरं तुम्ही उद्या कारखान्याला देणार आहात. तिथे ती नक्की बघितली जातील. ज्युएल केसमध्ये, म्हणजे सीडीच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या डबीत, चिन्हं सहसा फक्त मागच्या इनले कार्डावर असतात. तेवढंच कार्ड पुन्हा छापा, पुढची पुस्तिका तशीच वापरा. पुस्तिकेवरही चिन्ह असेल तर अपारदर्शक स्टिकर लावा आणि स्टिकरवरच वरचा मजकूर छापून घ्या, म्हणजे झाकल्यासारखं न वाटता मुद्दाम लावल्यासारखं दिसेल. मार्करने काळं फासू नका. त्याने मात्र माल खरंच चोरीचा वाटतो.

कारखान्याचं प्रकरण वेगळं आणि तुमच्या बाजूचं. ज्या कारखान्याकडे सीडीचा परवाना आहे तो नियमपुस्तकाप्रमाणे दाबलेल्या सीडीवर ते चिन्ह लावू शकतो. डीव्हीडीचंही तसंच. म्हणून ऑर्डर देण्याआधीच लेखी विचारा: कुठल्या कुठल्या फॉरमॅटचा परवाना तुमच्याकडे आहे आणि आमच्या डिस्कवर, तसंच कव्हरवर, कुठलं चिन्ह लावता येईल? 'हो' आलं की चिन्हाची फाइल त्यांच्याकडूनच मागा. किमान आकार, भोवती सोडायची जागा, रंग, सगळं ठरलेलं असतं. ताणून लांबवू नका, सोनेरी करू नका, तबल्याच्या चित्रात गुंफू नका. आणि डॉल्बी त्यांच्या परवान्यात येतो असं गृहीत धरू नका. तो सहसा प्रकाशकाने, म्हणजे तुम्ही, वेगळा मिटवायचा असतो. ५.१ इतकं लिहून भागत असताना त्या फंदात कशाला पडायचं, असं माझं मत.

कारखाना तुमच्याकडून हक्कांबद्दलचं एक घोषणापत्र भरून घेईल. रचना तुमच्याच असल्याने दहा मिनिटांचं काम. चिडू नका. उलट कागद न मागता काम घेणाऱ्या कारखान्यापासून लांब राहा. पहिली प्रत हातात आली की मधल्या भोकाभोवतीचं पारदर्शक कडं उजेडात तिरकं धरा. तिथे 'आयएफपीआय' अशी चार अक्षरं आणि पुढे एक छोटा क्रमांक कोरलेला दिसला पाहिजे. आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आणि १९९४ पासून चालत आलेली ही ओळख आहे: एक क्रमांक मास्टर कुठे बनला ते सांगतो, दुसरा साचा कोणाचा ते. ज्या कारखान्याच्या डिस्कवर हा क्रमांक नाही त्याच्या परवान्याची चौकशी जरा नीट करा.

ब्लू-रेचा विचार कोणी मध्येच काढला तर सध्या नको म्हणा. तिथे चिन्ह ब्लू-रे डिस्क असोसिएशनचं, आणि कारखान्यात दाबलेल्या चित्रपटाच्या डिस्कवर एएसीएस हे कॉपीबंदीचं कुलूप लावणं सक्तीचं, त्याचे करार आणखी वेगळे. ४० मिनिटांच्या चित्रफितीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

एक बारीक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण रिकाम्या ज्युएल केस भरायला बसलात की ती दिसणारच आहे. पुष्कळ केसच्या आतल्या ट्रेवर कॉम्पॅक्ट डिस्कचं चिन्ह प्लास्टिकमध्येच उठवलेलं असतं. ते केस बनवणाऱ्याचं, त्याच्या परवान्यावरचं, आणि ते केसबद्दल बोलतं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. तरी तुमच्यातला पहिला अडून बसलाच तर चिन्ह नसलेले साधे ट्रेही मिळतात, ते मागवा.